साध्या ॲरे अल्गोरिदमची स्पेस कॉम्प्लेक्सिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲरेवरचा प्रोग्रॅम किती वेळ घेईल हे बहुतेकांना लूप बघून सांगता येतं. तोच प्रोग्रॅम किती जागा घेईल म्हटलं की गडबड होते. एक जण ओ(१) म्हणतो, दुसरा ओ(एन), आणि पुष्कळदा दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. खालचे प्रश्न शिकणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात, म्हणून शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ओ(एन) हे ‘ओ ऑफ एन’ असं वाचायचं. एन म्हणजे ॲरेतल्या घटकांची संख्या.

१. स्पेस कॉम्प्लेक्सिटी म्हणजे प्रोग्रॅम किती एमबी मेमरी घेतो तेच ना?

नाही. एमबी हा एका मशीनवरचा, एका इनपुटपुरता आकडा झाला. स्पेस कॉम्प्लेक्सिटी सांगते ती वाढीची चाल. एन दुप्पट केला आणि मेमरी होती तेवढीच राहिली तर ओ(१). दुप्पट झाली तर ओ(एन), चौपट झाली तर ओ(एन²). आणि एन दुप्पट करूनही दरवेळी एक ठरावीक, छोटीशीच भर पडत असेल तर ओ(लॉग एन). हे ‘ओ’ चिन्ह संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. जर्मन गणिती पॉल बाखमान यांनी ते १८९४ मध्ये वापरलं आणि पुढे एडमुंड लांडाऊ यांनी रूढ केलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. गेलेला वेळ परत वापरता येत नाही, म्हणून वेळेची बेरीज होते. जागा मात्र मोकळी झाली की पुन्हा वापरता येते. त्यामुळे प्रोग्रॅमनं दिवसभरात एकूण किती जागा घेतली हे मोजायचं नसतं. एकाच क्षणी जास्तीत जास्त किती जागा अडलेली होती, ते मोजायचं.

२. सर्वांत मोठी संख्या शोधायचा प्रोग्रॅम ओ(१) की ओ(एन)? ॲरे तर एन आकाराचाच आहे!

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. आधी प्रोग्रॅम समोर ठेवू (अ म्हणजे ॲरे):

कमाल = अ[०]
आय = १ पासून एन − १ पर्यंत:
जर अ[आय] > कमाल, तर कमाल = अ[आय]
कमाल परत द्या

यात आपण स्वतः किती जागा घेतली? कमाल, आय आणि एन, अशा तीन. ॲरेत दहा घटक असोत की दहा लाख, या तीनच्या चार होत नाहीत. म्हणून जादा जागा, म्हणजे ऑक्झिलरी स्पेस, ओ(१). ॲरे स्वतः एन घरं अडवतो, तोही धरला तर एकूण जागा ओ(एन).

दोन्ही उत्तरं खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. अल्गोरिदमची तुलना करताना जादा जागा धरायची पद्धत आहे, आणि तिला कारण आहे. इनपुट मोजायचं ठरवलं तर ॲरेवरचा प्रत्येक अल्गोरिदम निदान ओ(एन) होईल. मग काटकसरीनं लिहिलेला कुठला आणि उधळा कुठला, ते कळणारच नाही. सिद्धांताच्या पुस्तकांतही हेच केलं जातं. ट्युरिंग मशीन म्हणजे संगणकाचं कागदावरचं नमुना-यंत्र. त्याची इनपुटची पट्टी फक्त वाचायची असते, कामाची पट्टी वेगळी असते, आणि जागा मोजली जाते ती कामाच्या पट्टीवरची.

३. मग परीक्षेत किंवा इंटरव्ह्यूत काय लिहायचं?

दोन्ही लिहा: “जादा जागा ओ(१), इनपुट धरून ओ(एन).” एवढ्यानं वाद मिटतो. नुसतं “स्पेस ओ(१)” लिहिलं तर बहुतेक जण ते जादा जागेबद्दल आहे असं समजतात, पण सगळेच तसं समजतील याची खात्री नाही.

४. लूपच्या आत व्हेरिएबल घेतलं तर ते एन वेळा तयार होतं. म्हणजे ओ(एन) जागा नाही का?

नाही. फेरी संपली की त्या व्हेरिएबलचं आयुष्य संपतं आणि पुढच्या फेरीतलं त्याच जागेवर बसतं. सी सारख्या भाषेत लूपच्या आतल्या ‘तात्पुरतं’ नावाच्या व्हेरिएबलचा पत्ता प्रत्येक फेरीत छापून बघा. साधारणपणे तोच पत्ता पुन्हा पुन्हा येतो. हा प्रयोग एकदा स्वतः करून बघाच, वाचून पटण्यापेक्षा तो आकडा डोळ्यांनी पाहिला की विषय कायमचा संपतो.

फेरीतली किंमत तुम्ही एखाद्या लिस्टमध्ये ढकलत असाल तर मात्र हिशोब बदलतो. ती किंमत फेरीनंतरही जिवंत राहते, एन फेऱ्यांत एन किमती साठतात आणि जागा ओ(एन) होते. व्हेरिएबल कुठे लिहिलंय याला महत्त्व नाही, त्यातलं काय मागे उरतं ते बघा.

५. लूपमध्ये लूप आहे म्हणजे स्पेसही ओ(एन²) ना?

लूपवरून वेळ कळतो, जागा कळत नाही. शेजारच्या घटकांची अदलाबदल करत क्रम लावणाऱ्या बबल सॉर्टमध्ये लूपमध्ये लूप आहे, वेळ ओ(एन²) लागतो, पण जादा जागा म्हणजे आय, जे आणि अदलाबदलीसाठी एक तात्पुरतं घर. ओ(१).

उलट बाजूनं एक नातं पक्कं आहे आणि उत्तर तपासायला फार उपयोगी पडतं. प्रत्येक घराला हात लावायला निदान एक पायरी लागते. त्यामुळे वापरलेली जागा वेळेपेक्षा वरच्या दर्जाची होऊच शकत नाही. तुमच्या वहीत वेळ ओ(एन) आणि जागा ओ(एन²) असं आलं असेल तर दोन्हींपैकी एक नक्की चुकलंय.

६. उत्तराचा ॲरे मोजायचा की नाही?

रूढ पद्धत अशी की प्रश्नानंच मागितलेलं आउटपुट जादा जागेत धरत नाहीत. “प्रत्येक घटकाचा वर्ग असलेला नवा ॲरे द्या” असं सांगितलं असेल तर तो एन आकाराचा ॲरे टाळता येणारच नाही. त्याचा दोष अल्गोरिदमला का द्यायचा? फक्त उत्तरात “आउटपुट सोडून” हे दोन शब्द लिहा.

यात एक बारीक अडचण आहे. “स्वतःला सोडून बाकी सगळ्यांचा गुणाकार” हा प्रसिद्ध प्रश्न घ्या. नेहमीच्या उत्तरात डावीकडचे गुणाकार आधी आउटपुटच्या ॲरेत भरतात, मग उजवीकडून येताना तेच वाचून त्यांना गुणतात. इथे आउटपुटचा ॲरे कामाची वही म्हणूनही वापरला गेला. काटेकोर व्याख्येत आउटपुट फक्त लिहायचं असतं, परत वाचायचं नसतं. इंटरव्ह्यूत हे ओ(१) म्हणून चालतं, आणि माझ्या मते चालू द्यावं, पण आपण सवलत घेतोय हे सांगून घ्यावी.

७. इन-प्लेस म्हणजेच ओ(१) का?

बहुतेकदा हो, नेहमी नाही. इन-प्लेस म्हणजे नवा ॲरे न घेता त्याच ॲरेत काम करणं. ॲरे उलटा करायचं उदाहरण बघा: [४, ९, २, ७, ५]. एक बोट पहिल्या घरावर, एक शेवटच्या. ४ आणि ५ ची अदलाबदल, मग ९ आणि ७ ची, मधला २ जागच्या जागी. एन/२ अदलाबदली, जागा ओ(१). हे अस्सल इन-प्लेस.

क्विक सॉर्टलाही लोक इन-प्लेस म्हणतात, कारण तो त्याच ॲरेत घटक हलवतो. पण त्याला स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या फंक्शन कॉलची नोंद ठेवणारी जागा, लागतो (प्रश्न १३). हीप सॉर्टला तेही लागत नाही. तो जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये मांडला, तेव्हापासून ओ(१) जागेत, कुठल्याही इनपुटवर ओ(एन लॉग एन) वेळात सॉर्ट करण्याचं ते हुकमी उदाहरण आहे.

इन-प्लेसची किंमतही लक्षात असू द्या. मूळ ॲरे बदलून जातो. पुढे कुणाला मूळ क्रम हवा असेल तर आधी कॉपी ठेवावी लागेल, आणि ती कॉपी ओ(एन) आहे.

८. फंक्शनला ॲरे पाठवला की त्याची कॉपी होते का?

भाषेवर आहे. सी मध्ये पहिल्या घटकाचा पत्ताच जातो. जावा आणि पायथॉनमध्ये रेफरन्स, म्हणजे ॲरे कुठे आहे ते दाखवणारी खूण, जातो. या तिन्हींत खर्च ओ(१). सी++ मध्ये व्हेक्टर (वाढू शकणारा ॲरे) नुसता, रेफरन्सच्या चिन्हाशिवाय घेतला तर एरवी पूर्ण कॉपी होते. एका चिन्हाच्या विसराळूपणानं ओ(१) चा ओ(एन) होतो, आणि प्रोग्रॅम तरीही बरोबरच उत्तर देतो, म्हणून चूक पटकन सापडत नाही. गो मध्ये ॲरेची कॉपी होते, पण स्लाइस (ॲरेच्या एखाद्या भागाकडे बघणारी खिडकी) पाठवली तर तिच्यामागच्या घटकांची होत नाही. स्विफ्टमध्ये खरी कॉपी होते ती कुणी पहिला बदल केल्यावर.

९. पायथॉनमध्ये अ[१:] लिहिलं तर नवीन जागा लागते का?

लागते. अ[१:] म्हणजे पहिला घटक सोडून उरलेला तुकडा, म्हणजेच स्लाइस. लिस्टची स्लाइस म्हणजे नवी लिस्ट. घटक नव्यानं बनत नाहीत, पण त्यांच्याकडे बोट दाखवणारे रेफरन्स नव्यानं लिहिले जातात, म्हणजे ओ(एन). नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीतल्या ॲरेची साधी स्लाइस मात्र फक्त ‘व्ह्यू’ असते, ती मूळ मेमरीवरच बघते. गो ची स्लाइसही तशीच. तसंच पायथॉनमध्ये अ[::-१] उलटी कॉपी बनवतं, तर रिव्हर्स्ड फंक्शन फक्त उलट दिशेनं चालणारा इटरेटर देतं.

कॉपी न करणं नेहमीच फायद्याचं असतं असंही नाही. जावात पूर्वी सबस्ट्रिंग मूळ स्ट्रिंगचीच मेमरी वापरत असे. दहा अक्षरांचा तुकडा जवळ ठेवला तरी मागची अवाढव्य स्ट्रिंग मोकळी होत नसे. २०१२ मध्ये जावा ७ च्या एका अपडेटमध्ये हे बदललं, तेव्हापासून तुकड्याची कॉपी होते.

१०. रिकर्शननं बेरीज केली, एकही नवा ॲरे घेतला नाही, तरी उत्तर ओ(एन) कसं?

कारण कॉल स्टॅक. रिकर्शन म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं. ‘बेरीज(आय)’ म्हणजे ‘अ[आय] + बेरीज(आय + १)’ असं लिहिलंत. चार घटकांच्या ॲरेवर बेरीज(०) थांबून राहते बेरीज(१) साठी, ती थांबते बेरीज(२) साठी, आणि असं बेरीज(४) पर्यंत. तिथे शून्य मिळतं आणि मग सगळ्या एकेक करत परततात. सर्वांत खोल क्षणी पाच कॉल एकाच वेळी अर्धवट उभे असतात, आणि प्रत्येकाची फ्रेम, म्हणजे आय ची किंमत आणि परतायचा पत्ता, मेमरीत असते. एन घटकांसाठी एन + १ फ्रेम. ओ(एन).

पायथॉनमध्ये हे फार लवकर जाणवतं, कारण रिकर्शनची मर्यादा मुळात १००० आहे. हजार घटकांच्या ॲरेवरच प्रोग्रॅम कोसळतो. साध्या लूपनं हीच बेरीज ओ(१) जागेत होते.

रिकर्शन वाईट असं मात्र समजू नका. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमानं लावलेल्या ॲरेत मधला घटक बघून निम्मा भाग सोडून देत शोधताना, दर कॉलला ॲरे अर्धा होतो. दहा लाख घटकांसाठी सुमारे २० फ्रेम, म्हणजे ओ(लॉग एन). एवढ्याची काळजी करायचं कारण नाही. “टेल रिकर्शन लिहिलं तर स्टॅक वाचतो ना?” असंही विचारतात. टेल रिकर्शन म्हणजे स्वतःला बोलावणं हेच फंक्शनचं शेवटचं काम असणं. सी चे कंपायलर ऑप्टिमायझेशन चालू असेल तर पुष्कळदा वाचवतात. पायथॉन वाचवत नाही, आणि जावातही त्यावर विसंबता येत नाही.

११. वरच्याच रिकर्शनमध्ये इंडेक्सऐवजी अ[१:] पाठवलं तर?

तर जागा ओ(एन²) होते. ही चूक इतकी सहज होते की तिच्यावर थोडं थांबू या.

हजार घटकांची लिस्ट घ्या, आणि रिकर्शनची मर्यादा थोडी वाढवली आहे असं धरा. पहिला कॉल ९९९ घटकांची स्लाइस बनवतो आणि थांबतो. दुसरा ९९८ ची बनवतो आणि थांबतो. प्रत्येक स्लाइस आपापल्या थांबलेल्या कॉलच्या हातात आहे, त्यामुळे एकही मोकळी होत नाही. तळाशी पोचलो त्या क्षणी ९९९ + ९९८ + … + १, म्हणजे ४,९९,५०० रेफरन्स जिवंत असतात. एक रेफरन्स ८ बाइटचा धरला तर जवळजवळ ४ एमबी. लाख घटकांसाठी हाच हिशोब ४० जीबीवर जातो. प्रश्न ४ मध्ये जागा परत वापरली गेली आणि इथे बेरीज झाली, कारण इथे सगळं एकाच वेळी जिवंत आहे.

बायनरी सर्चमध्येही स्लाइस पाठवणारे आहेत. तिथे एन/२ + एन/४ + एन/८ … ही बेरीज एनच्या आतच राहते, म्हणून जागा ओ(एन). पण त्या कॉपी करायला वेळही ओ(एन) लागतो. मग बायनरी सर्च केला कशाला? दोन इंडेक्स पाठवा, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतात.

१२. मर्ज सॉर्टमध्ये लॉग एन पातळ्या, प्रत्येक पातळीवर एन जागा. मग ओ(एन लॉग एन) का नाही?

हा फार चांगला प्रश्न आहे, कारण विचारणाऱ्यानं पातळ्या बरोबर मोजलेल्या असतात. चूक एवढीच की त्या पातळ्या एकाच वेळी घडतात असं आकृती बघून वाटतं. कागदावरचं झाड सगळं एकदम दिसतं. प्रोग्रॅम मात्र एका वेळी एकाच फांदीवर असतो.

मर्ज सॉर्ट ॲरेचे दोन भाग करतो, ते वेगवेगळे क्रमानं लावतो आणि मग जोडतो. आठ घटक घ्या. समजा प्रत्येक कॉल आधी डाव्या-उजव्या भागांच्या कॉपी करतो आणि मग खाली उतरतो. पहिला कॉल ४ + ४ = ८ घरं घेतो. तो डाव्या भागात उतरतो, तिथे २ + २ = ४ घरं. आणखी खाली १ + १ = २. सर्वांत खोल क्षणी ८ + ४ + २ = १४ घरं अडलेली. तिथून परतताना ती मोकळी होतात आणि उजव्या भागाचं काम त्याच प्रकारच्या जागेत होतं. सर्वसाधारण एनसाठी ही बेरीज २एन ओलांडत नाही, म्हणून ओ(एन). सुरुवातीलाच एन आकाराचा एकच तात्पुरता ॲरे घेऊन तोच सगळीकडे वापरला तर जागा एनच. स्टॅकचे लॉग एन त्यात विरून जातात.

पटत नसेल तर कागदावर दोन रकाने पाडा, ‘आता जिवंत’ आणि ‘मोकळं झालं’, आणि आठ घटकांचा मर्ज सॉर्ट हातानं चालवा. वीस मिनिटं लागतात.

१३. क्विक सॉर्टला कुठे ओ(लॉग एन) लिहिलेलं असतं, कुठे ओ(एन). खरं कुठलं?

टोनी होअर यांचा हा अल्गोरिदम १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याची जागा ठरते ती स्टॅकच्या खोलीवर. ज्या घटकापेक्षा लहान आणि मोठे असे दोन भाग पाडले जातात त्याला पिव्हट म्हणतात. पिव्हट दरवेळी मधोमध पडला तर खोली लॉग एन. आधीच क्रमानं लावलेल्या ॲरेवर पहिलाच घटक पिव्हट घेतला तर दरवेळी एकच घटक सुटतो आणि खोली एनपर्यंत जाते. म्हणून साधेपणानं लिहिलेल्या क्विक सॉर्टची सर्वांत वाईट जागा ओ(एन).

यावर सुंदर उपाय आहे. दोन भागांपैकी लहान भागासाठीच रिकर्शन करायचं आणि मोठा भाग त्याच कॉलमध्ये लूपनं पुढे न्यायचा. लहान भाग निम्म्याहून मोठा असूच शकत नाही, त्यामुळे पिव्हट कितीही वाईट पडला तरी खोली ओ(लॉग एन) राहते. वेळ वाईट पिव्हटवर ओ(एन²) च राहतो, वाचतो तो स्टॅक. डेव्हिड मसर यांनी १९९७ मध्ये मांडलेला इंट्रोसॉर्ट वेळेचाही बंदोबस्त करतो. खोली ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो हीप सॉर्टकडे वळतो.

१४. सॉर्ट मी लिहिलेलं नाही, लायब्ररीचं आहे. तरी त्याची जागा मोजायची?

मोजायची. ते तुमच्याच प्रोग्रॅमच्या मेमरीत चालतं. पायथॉनचा सॉर्ट टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेल्या टिमसॉर्टवर आधारलेला आहे. लिस्ट जागच्या जागी लावली तरी त्याला सर्वांत वाईट वेळी एन/२ पर्यंत तात्पुरती जागा लागते. सॉर्टेड फंक्शन तर वेगळी लिस्टच बनवून देतं. जावा ७ पासून ऑब्जेक्टच्या ॲरेला टिमसॉर्ट वापरलं जाऊ लागलं, इंटसारख्या साध्या प्रकारांना क्विक सॉर्टच्या घराण्यातला अल्गोरिदम. सी च्या क्यूसॉर्टला तर स्टँडर्डमध्ये जागेची कसलीच हमी नाही. “सॉर्ट करून दोन पॉइंटर लावले, म्हणून ओ(१)” हे वाक्य त्यामुळे घाईचं ठरतं.

१५. ॲरेत डुप्लिकेट आहे का ते बघायला सेट वापरू की सॉर्ट?

सेट (पाहिलेल्या संख्यांचा, एखादी आहे का ते चटकन सांगणारा साठा): वेळ सरासरी ओ(एन), जागा ओ(एन). सॉर्ट: वेळ ओ(एन लॉग एन), जागा प्रश्न १४ प्रमाणे, आणि मूळ क्रम मोडतो. मेमरी पुरत असेल तर मी सेट वापरेन.

संख्या १ ते एन यांमधल्याच असतील तर आणखी एक युक्ती दाखवतात. संख्या व्ही दिसली की त्या क्रमांकाच्या घरातल्या संख्येला ऋण चिन्ह लावायचं. घर आधीच ऋण असेल तर डुप्लिकेट सापडलं. याला ओ(१) म्हणतात, पण खरं तर इथे इनपुटकडूनच एन बिट उसने घेतले आहेत. ॲरे फक्त वाचायचा असेल तर ही युक्ती चालणार नाही. एन + १ घरं आणि १ ते एन मधल्या संख्या असतील तर फ्लॉइडची कासव-ससा पद्धत (एक इंडेक्स हळू आणि एक दुप्पट वेगानं पुढे नेण्याची) ॲरेला हात न लावता, खऱ्याखुऱ्या ओ(१) जागेत डुप्लिकेट काढून देते.

१६. अक्षरं मोजायला २६ घरांचा ॲरे घेतला. हा ओ(१) की ओ(एन)?

ओ(१). इनपुट वाढलं तरी घरं २६ च. युनिकोडचे सगळे ११,१४,११२ कोड पॉइंट धरले तरी आकडा ठरलेलाच, म्हणून तोही ओ(१), फक्त मोठा.

घरांची संख्या इनपुटमधल्या किमतींवर ठरत असेल तर तिला वेगळं अक्षर द्या. प्रत्येक किंमत किती वेळा आली ते मोजून क्रम लावणाऱ्या काउंटिंग सॉर्टची जागा म्हणूनच ओ(एन + के) लिहितात, के म्हणजे किमतींचा पल्ला. चार बाइटच्या सगळ्या पूर्णांकांसाठी घरं करायची तर ती ४,२९,४९,६७,२९६ होतील. प्रत्येक घर चार बाइटचं धरलं तर सुमारे १७ जीबी, मग ॲरेत दहाच संख्या का असेनात.

१७. लिस्ट हळूहळू वाढवली तर जागा जास्त लागते का?

थोडी लागते. भरलेली लिस्ट मोठ्या जागेत हलवली जाते. क्षमता दुप्पट होत असेल तर हलवताना जुनी एन आणि नवी २एन, मिळून ३एन घरं क्षणभर अडतात. जावाची ॲरेलिस्ट दीडपट वाढते. दर्जा ओ(एन) च राहतो. आकार आधी माहीत असेल तर तेवढी जागा सुरुवातीलाच मागा.

१८. लूपमध्ये दरवेळी एन आकाराचा तात्पुरता ॲरे बनवतो. एन फेऱ्या. ओ(एन²) ना?

मागच्या फेरीतल्या ॲरेकडे कुणाचाच रेफरन्स उरला नसेल तर ओ(एन), प्रश्न ४ च्याच न्यायानं. प्रत्यक्षात मात्र गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) येईपर्यंत जुने ॲरे मेमरीत पडून असू शकतात, त्यामुळे मॉनिटरवर आकडा चढलेला दिसेल. सी मध्ये मॅलॉकनं जागा मागून ती फ्रीनं परत करायला विसरलात तर मात्र ते खरंच ओ(एन²) आहे.

१९. माझा अल्गोरिदम ओ(१) आहे, तरी मेमरी संपली. असं कसं?

ओ(१) जादा जागा होती, इनपुट वेगळं. दहा लाख पूर्णांक सी मध्ये चार बाइटप्रमाणे ४ एमबी घेतात. ६४ बिटच्या सीपायथॉनच्या (म्हणजे नेहमीच्या पायथॉनच्या) लिस्टमध्ये प्रत्येकाला ८ बाइटचा रेफरन्स आणि साध्या पूर्णांक ऑब्जेक्टचे २८ बाइट, मिळून ३६ एमबीच्या आसपास. गेटसाइजऑफ फंक्शननं लिस्ट मोजली तर फक्त रेफरन्सचा भाग दिसतो आणि फसगत होते.

त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा: ॲरे लागतोच का? कमाल, बेरीज, सरासरी यांना मागचे घटक लागत नाहीत. फाइलमधून एकेक संख्या वाचत गेलात तर इनपुट धरूनही मेमरी ओ(१) राहते. मध्यक काढायचा असेल तर असं सहज जमत नाही. तिथे खरंच काहीतरी साठवावं लागतं.

२०. एनपर्यंत मोजायला लॉग एन बिट लागतात. मग आय हे व्हेरिएबल ओ(१) कसं?

बिट मोजले तर ते ओ(लॉग एन) च आहे. आपण बिट मोजत नाही, मशीनचे शब्द मोजतो, आणि एक इंडेक्स एका शब्दात मावतो असं धरून चालतो. ६४ बिटच्या शब्दात मावणार नाही एवढा ॲरे कुणाच्या मेमरीत बसणार नाही, तेव्हा हे धरणं रास्त आहे. सिद्धांतात मात्र बिटच मोजतात. मूठभर इंडेक्सवर चालणाऱ्या अल्गोरिदमांचा तिथे ‘एल’ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. दिशा नसलेल्या ग्राफमध्ये दोन बिंदू जोडलेले आहेत का, हा प्रश्न त्या वर्गात बसतो हे ओमेर राइनगोल्ड यांनी २००५ च्या शोधनिबंधात दाखवलं. तोवर ते वर्षानुवर्षं अडलेलं होतं.

हा फरक रोजच्या कामातही एका ठिकाणी आडवा येतो. पायथॉनमध्ये ॲरेतल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार एका व्हेरिएबलमध्ये करा. व्हेरिएबल एकच, लूप साधा, पण पायथॉनचा पूर्णांक हवा तेवढा लांब होतो. ६४ बिटच्या एन संख्यांचा गुणाकार ६४ × एन बिटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे त्या एकट्या व्हेरिएबलची जागा ओ(एन). उत्तर एखाद्या ठरलेल्या संख्येनं भागून उरणारी बाकी एवढंच हवं असेल तर प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी काढत जा. मग ते व्हेरिएबल पुन्हा ओ(१) मध्ये बसतं.